पुसलेली नोंद आणि डॉक्टरकीचा अर्ज



व्याख्यानमालेची पत्रिका निघाल्यापासून एकच प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. कारखान्याच्या गेटवर सभा घेणारा माणूस अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या प्रवेशावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. कॉलेजची पायरी मी चढलो ती भाषणाच्या निमित्तानेच. परंतु गेली तीस वर्षे माझ्या आयुष्याचा मोठा भाग एका कामात गेला. माणसावर ठपका ठेवणारा कागद वाचायचा, त्याचा अर्थ ज्याच्यावर ठपका आहे त्याला समजावून सांगायचा, आणि उत्तर लिहायला त्याला मदत करायची. हा कागद ठाण्याच्या कारखान्यातला असो की अमेरिकेतल्या कॉलेजातला असो, त्याची जात एकच असते, हे मला गेल्या वर्षी कळले. ते कसे, हे सांगतो.

आमच्या युनियनचे एक जुने सभासद आहेत. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीत गेली आणि तिची मुलगी तिथेच वाढली. ह्या नातीला डॉक्टर व्हायचे आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात रात्री अण्णांचा फोन आला. "भाऊ, पोरीला कॉलेजात चार्जशीट मिळालं होतं म्हणे. दोन वर्षं झाली, मिटलंय सगळं. पण अर्जात एक रकाना आहे. तिथं काय लिहायचं ते आता तूच सांग."

दुसऱ्या दिवशी मुलीशीच बोललो. हकिगत साधी होती. दुसऱ्या वर्षाला असताना रसायनशास्त्राच्या प्रयोगाचा आपला अहवाल तिने मैत्रिणीला पाहायला दिला. मैत्रिणीने तो जवळजवळ जसाच्या तसा उतरवून स्वतःच्या नावाने दिला. कॉलेजने दोघींनाही दोषी धरले; एकीने उतरवला म्हणून, दुसरीने उतरवू दिला म्हणून. शिक्षा झाली ती एका सत्राचे प्रोबेशन, म्हणजे ह्या काळात पुन्हा काही घडले तर गाठ आमच्याशी आहे अशी ताकीद, आणि सचोटी ह्या विषयावर एक निबंध. गुणपत्रकावर काहीही उमटले नाही. वर्षभरात दुसरी तक्रार आली नाही तर नोंद काढून टाकू, असे कॉलेजने लिहून दिले होते, आणि त्याप्रमाणे ती काढलीही.

"काका, ते आता रेकॉर्डवर नाहीच आहे," ती म्हणाली. "मग 'हो' कसं लिहायचं? आई पण म्हणते, कशाला उकरायचं?"

माझ्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. मी तिच्याकडून अर्जाच्या सूचना मागवल्या, कॉलेजची नियमपुस्तिका मागवली, आणि शब्दकोश जवळ घेऊन पंधरा दिवस वाचत बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्या सभागृहातही असे आजी-आजोबा बसलेले असतील, ज्यांची नातवंडे तिकडे ह्याच वाटेवर आहेत.

आधी तिथली वाट समजून घेऊ. आपल्याकडे बारावीनंतर नीटच्या गुणांवर मेडिकलचा प्रवेश ठरतो. तिथे आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. ती कोणत्याही विषयातली चालते, मात्र जीवशास्त्र, रसायन, भौतिक अशा विषयांचे ठरलेले वर्ग पुरे केलेले असावे लागतात. मग एमकॅट नावाची परीक्षा, आणि त्यानंतर मेडिकल कॉलेजची चार वर्षे. एम. डी. ही पदवी देणाऱ्या बहुतेक कॉलेजांसाठी एक सामाईक अर्ज असतो. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस ही १८७६ साली स्थापन झालेली संस्था तो चालवते. त्याला एएमसीएएस म्हणतात. ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजांचा अर्ज वेगळा असतो. २०२३ साली सामाईक अर्ज करणारे ५२ हजारांहून अधिक होते, आणि प्रवेश घेतला तो २३ हजारांच्या आसपास मुलांनी. म्हणजे निम्म्याहून अधिक दाराबाहेर राहिले. एवढ्या गर्दीत अर्ज बाजूला टाकायला निमित्त पुरते, ही मुलीच्या आईची भीती काही वेडगळ नव्हती.

ह्या अर्जात एक प्रश्न असतो. कोणत्याही कॉलेजने किंवा मेडिकल कॉलेजने अभ्यासातील असमाधानकारक प्रगतीबद्दल किंवा वर्तनाच्या नियमभंगाबद्दल तुमच्यावर कधी कारवाई केली आहे काय, असा त्याचा आशय आहे. इथवर ठीक. पण प्रश्नाखालची सूचना वाचली तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. कारवाईने शिक्षण खंडित झाले नसले तरी 'हो' म्हणा. गुणपत्रकावर तिची नोंद नसली तरी 'हो' म्हणा. संस्थेच्या धोरणामुळे किंवा तुमच्या विनंतीवरून ती नोंद काढून टाकली असली, तरीही 'हो' म्हणा. ज्याने ही सूचना लिहिली तो कच्च्या गुरूचा चेला नव्हे. पळायच्या तिन्ही वाटा त्याने आधीच बंद करून ठेवल्या आहेत.

पुसलेली नोंद पुन्हा सांगायला लावणे हा अन्याय नव्हे काय? प्रथमदर्शनी मलाही तसेच वाटले. विचार केल्यावर ध्यानात आले की इथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. कॉलेजने नोंद पुसली म्हणजे आपल्या दप्तराविषयी एक वचन दिले. कोणी विचारले तर आम्ही सांगणार नाही, एवढाच त्या वचनाचा अर्थ. अर्ज दप्तराविषयी विचारतच नाही. तो मुलीला विचारतो की तुझ्या बाबतीत असे घडले होते का. त्या प्रश्नाचे उत्तर कॉलेजच्या कपाटात नाही, तिच्या आठवणीत आहे.

आपल्याला हा प्रश्न परका वाटतो, कारण आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' ह्या शब्दापुढे सर्वांनाच 'चांगली' मिळते. मास्तरांची खुर्ची उलटवणाऱ्या माझ्या वर्गबंधूलाही ते मिळाले होते. पण सरकारी नोकरीत लागताना साक्षांकन फॉर्म भरलेले लोक इथे असतील. त्यांना आठवेल, अटक झाली होती का, खटला चालू आहे का, ह्यांच्याबरोबर विद्यापीठाने परीक्षेला बसण्यास मनाई केली होती का, संस्थेतून काढले होते का, हेही त्यात विचारतात. आणि माहिती दडवल्यास नोकरी जाईल, असा इशारा वरच छापलेला असतो. ह्या दडवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात तपशिलाने सांगितले आहे. क्षुल्लक गोष्ट राहून गेली असेल तर मालकाने सारासार विचार करावा. पण विचारलेली महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवणे हेच नोकरीतून काढण्याचे कारण होऊ शकते. अमेरिकेतला तो रकाना ह्याच कुळातला आहे.

आता त्या रकान्यात काय काय मोडते ते पाहू, कारण मुलांचा घोळ होतो तो इथेच. एखाद्या विषयात नापास होणे ही कारवाई नव्हे. पण सरासरी घसरल्यामुळे कॉलेजने प्रोबेशनवर ठेवले, तर ती झाली. तिथे कोणताही गुन्हा नसतो, तरी सांगायची असते. वर्तनाच्या बाजूला उतारे चोरणे, परीक्षेत नक्कल, मारामारी, चोरी, छळ हे आलेच. नेहमीचा प्रकार मात्र होस्टेलच्या खोलीतली बिअर. १९८४ च्या एका कायद्यामुळे तिथे दारू पिण्याचे वय सर्वत्र २१ झाले, आणि मुले होस्टेलवर जातात अठराव्या वर्षी. मधल्या तीन वर्षांत तिथल्या अधिकाऱ्यांना काम कमी पडत नाही. नुसती तोंडी समज दिली असेल तर ती कारवाई धरायची का, हे ज्या त्या कॉलेजच्या नियमांवर असते. अशा वेळी तर्क करीत बसू नये. विद्यार्थ्यांच्या डीनच्या कचेरीला लेखी विचारावे की अमुक तारखेच्या प्रकाराची तुमच्या दृष्टीने औपचारिक कारवाईत गणना होते काय, आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. बारावीपर्यंतच्या शाळेतल्या गोष्टी हा प्रश्न विचारत नाही. त्या पोरवयातल्या म्हणून सोडलेल्या आहेत.

स्वतःविषयी कॉलेजजवळ काय लिहून ठेवले आहे ते पाहण्याचा हक्क तिथल्या विद्यार्थ्याला आहे. १९७४ च्या एका संघराज्य कायद्याने तो दिला, आणि मागणी केल्यापासून ४५ दिवसांच्या आत कॉलेजने कागद दाखवले पाहिजेत. आपल्या आईबापांनी एक ध्यानात ठेवावे. मूल कॉलेजात गेले की हा हक्क मुलाचा होतो, बापाचा राहत नाही. बापाने फी भरली म्हणून त्याला फाईल मागता येत नाही. आणखी एक बाजू आहे. त्याच कायद्याने, मूल ज्या दुसऱ्या संस्थेत प्रवेश घेऊ पाहते तिला मुलाच्या संमतीवाचूनही कागद पाठवायला कॉलेजांना मोकळीक ठेवली आहे. तेव्हा पुसली गेलेली नाही अशी नोंद कोणालाच कळणार नाही, ह्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. त्यातून व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क ह्या राज्यांनी २०१५ साली कायदेच केले, की लैंगिक अत्याचारासारख्या गंभीर प्रकरणात काढून टाकलेल्याच्या गुणपत्रकावर तसा शेरा मारलाच पाहिजे.

पण विचारणाऱ्याला हे सर्व हवे कशाला? डॉक्टरला रोग कळला म्हणजे झाले, त्याने अठराव्या वर्षी काय केले ह्याच्याशी काय कर्तव्य, असे अण्णांचे म्हणणे पडले. ह्यावर एक अभ्यास झालेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. मॅक्सीन पापाडाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केला. तीन मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेले २३५ डॉक्टर त्यांनी घेतले, ज्यांच्यावर १९९० ते २००३ ह्या काळात राज्यांच्या वैद्यक मंडळांनी कारवाई केली होती. त्यांच्याशेजारी कारवाई न झालेले ४६९ डॉक्टर ठेवले आणि दोघांच्याही विद्यार्थिदशेतल्या फायली उघडल्या. कारवाई झालेल्यांपैकी ३९ टक्क्यांच्या फायलीत गैरवर्तनाची नोंद सापडली. न झालेल्यांत १९ टक्क्यांच्या. सर्वांत बोलकी निघाली ती बेजबाबदारपणाची नोंद, आणि चूक दाखवल्यावरही न सुधारण्याची.

हे आकडे मी कागदावर मांडून पाहिले. त्यांवरून रकाना ठेवणाऱ्याला आधार मिळतो, हे खरे. पण त्याच आकड्यांचे दुसरे टोकही धरून पाहा. पुढे वाईट निघालेल्या दहांपैकी सहा जणांची फाईल स्वच्छ होती. आणि ज्यांच्यावर मंडळाची कारवाई झाली नाही, अशा दर पाचांतल्या एकाच्या फाईलीत काहीतरी होतेच. शिवाय हा अभ्यास मेडिकल कॉलेजातल्या वागणुकीचा आहे. त्याच्या आधीच्या कॉलेजातल्या बिअरच्या डब्याचा नव्हे. म्हणून नोंद आहे एवढ्यावरून दार लावणारा अधिकारी शास्त्राच्या नावाने आपला आळस झाकतो, असे माझे मत आहे. नोंद कशाची आहे, केव्हाची आहे, आणि तिच्यानंतर काय झाले, हे त्याने पाहिले पाहिजे.

शिवाय नोंद झाली कशी, हाही प्रश्न उरतोच. माझा सारा जन्म ह्या प्रश्नाशी झगडण्यात गेला, म्हणून इथे थोडा थांबतो.

१९६० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरी, अलाबामा स्टेट कॉलेजचे सुमारे तीस कृष्णवर्णीय विद्यार्थी कोर्टाच्या इमारतीतल्या तळघरातील उपाहारगृहात गेले आणि त्यांनी खायला मागितले. ते उपाहारगृह गोऱ्यांपुरते होते. त्यांना वाढले नाही. दिवे मालवले आणि दुकान बंद केले. गव्हर्नराने डोळे वटारले, आणि थोड्याच दिवसांत नऊ विद्यार्थ्यांना कॉलेजने काढून टाकले. तुमच्यावर आरोप काय हे सांगितले नाही, तुमचे म्हणणे काय हे विचारले नाही. त्यांपैकी काही जण कोर्टात गेले. सेंट जॉन डिक्सन हे पहिले नाव, म्हणून खटला डिक्सनच्या नावाने ओळखला जातो. १९६१ च्या ऑगस्टमध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की सरकारी पैशावर चालणाऱ्या कॉलेजला नोटीस दिल्यावाचून आणि म्हणणे ऐकून घेतल्यावाचून विद्यार्थ्याला काढता येणार नाही. आज तिथल्या सरकारी कॉलेजांत जी चौकशी होते, तिचा पाया ह्या मुलांनी घातला. त्यांच्या नावावरची नोंद अलाबामाच्या शिक्षणखात्याने पुसली ती २०१८ साली, अठ्ठावन्न वर्षांनी.

आता कल्पना करा की त्या नऊ जणांतला एखादा मेडिकल कॉलेजचा हा आजचा अर्ज भरतो आहे. त्यालाही 'हो'च लिहावे लागेल. परीक्षेत चिठ्ठी घेऊन बसलेलाही 'हो' लिहील. रकान्याला दोघे सारखेच. १९६० साली शिक्षा देणारे हात कोणाचे होते आणि पाठ कोणाची होती हे आपण पाहिलेच; आजही तिथे शाळाकॉलेजांत शिक्षा सर्वांना सारख्या मापाने होत नाही. म्हणून पदवीच्या प्रवेशासाठी शेकडो कॉलेजांचा सामाईक अर्ज चालवणाऱ्या कॉमन ॲप ह्या संस्थेने २०२० साली शाळेतल्या शिस्तभंगाचा प्रश्न आपल्या अर्जातून काढत असल्याचे जाहीर केले. कृष्णवर्णीय अर्जदार अशी नोंद सांगतात त्याचे प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक आहे, असे त्यांना आढळले होते. मेडिकलच्या अर्जाने मात्र प्रश्न ठेवला आहे. ठेवावा की नाही ह्यावर वाद होऊ शकतो; मी तो ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण रोगी डॉक्टरपुढे निःशस्त्र असतो. परंतु प्रश्न ठेवायचा तर उत्तराच्या मागची चौकशीही तपासली पाहिजे.

तशी चौकशी अण्णांच्या नातीची झाली होती काय? मी तिला विचारले. ती म्हणाली, "चौकशी अशी नाही. त्यांनी दोन पर्याय दिले. सुनावणी घ्या, नाहीतर जबाबदारी मान्य आहे म्हणून सही करा. पुढच्या आठवड्यात परीक्षा होती. मी दहा मिनिटांत सही करून टाकली."

हे ऐकून मी काही वेळ बोललोच नाही. मला आमच्या एका टर्नरची आठवण झाली. १९९६ साल असेल. मी चळवळीत नवा होतो. ह्या टर्नरची फोरमनशी बाचाबाची झाली, चार्जशीट आले. मॅनेजमेंटने निरोप धाडला की माफीनामा लिहून द्या, शिक्षा करीत नाही, प्रकरण मिटले. तो तयार नव्हता. शिवी फोरमनने आधी दिली, असे त्याचे म्हणणे होते आणि दोन साक्षीदारही होते. मीच त्याला म्हणालो, "अरे, सही कर आणि मोकळा हो. कागदाला कोण विचारतो?" पाच वर्षांनी दुसऱ्याच एका फुटकळ प्रकरणात त्याला बडतर्फ केले. हुकुमात लिहिले होते की, पूर्वीची वर्तणूक पाहता सौम्य शिक्षा देता येत नाही. पूर्वीची वर्तणूक म्हणजे तो माफीनामा. बेकायदा त्यात काही नव्हते. १९४६ च्या कायद्याखालचे जे नमुना स्थायी आदेश तेव्हा चालत, त्यांत शिक्षा ठरवताना कामगाराचा पूर्वेतिहास पाहावा असे कलमच होते. मी ते वाचले नव्हते. लेबर कोर्टात सहा वर्षे गेली. शेवटी तडजोडीचे पैसे मिळाले, नोकरी नाही. तो आजही भेटतो, चहा पाजतो. त्याने मला एकदाही बोल लावलेला नाही.

ज्यांची मुले आज तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहेत, त्यांना म्हणून माझे सांगणे आहे की भांडायची वेळ नोटीस येते तेव्हाची. कॉलेजातली सुनावणी आपल्या खात्यांतर्गत चौकशीसारखीच असते. फौजदारी कोर्टात लागतो तसा निःसंशय पुरावा तिथे लागत नाही. बऱ्याच ठिकाणी, घडले असण्याचा संभव न घडल्यापेक्षा अधिक आहे, एवढे पुरते. सल्लागार शेजारी बसू शकतो, पण पुष्कळ कॉलेजांत त्याला तोंड उघडू देत नाहीत. सरकारी कॉलेजाला डिक्सनच्या निकालाचे बंधन आहे. खाजगी कॉलेज बांधलेले असते ते मुख्यतः आपल्याच नियमपुस्तिकेने, म्हणून ती पुस्तिका आधी वाचावी. पुरावा पाहायला मागावा. अपिलाची मुदत बहुधा थोड्या दिवसांची असते, ती विचारून घ्यावी. चूक केली असेल तर जरूर कबूल करावी, पण काय कबूल करतो आहोत ते शब्दाशब्दाने वाचून. परीक्षा जवळ आली म्हणून सही करू नये. मुदत मागितली तर बहुधा मिळते. आमच्या पोरांना मागायचे माहीत नसते.

नातीच्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती. सही झाली, शिक्षा भोगून झाली. आता उरला होता फक्त रकाना. मी तिला सांगितले, 'हो' लिही. अण्णा माझ्यावर रागावले. "आयुष्यभर मालकाच्या कागदाशी लढलास, आणि पोरीला मात्र स्वतःच्याच विरुद्ध साक्ष द्यायला लावतोस?" म्हणाले. मला हे लागले, कारण त्यात तथ्य होते. मी त्यांना एवढेच म्हणालो, "अण्णा, इथं तिच्यावर कोणी आरोप ठेवलेला नाही. ती स्वतः होऊन दार ठोठावते आहे. आत गेल्यावर रोग्याच्या केसपेपरवर जे घडलं तेच तिनं लिहायचं आहे."

तत्त्व बाजूला ठेवले तरी हिशेबही हेच सांगतो. 'नाही' लिहिल्याचे पुढे काय होते ते पाहा. सामाईक अर्जानंतर एकेक मेडिकल कॉलेज आपला दुसरा अर्ज पाठवते, आणि त्यात पुष्कळदा तोच प्रश्न पुन्हा येतो. काही पदवी कॉलेजांची समिती विद्यार्थ्यासाठी शिफारसपत्र लिहिते, आणि त्यात कारवाईचा उल्लेख असू शकतो. काही मेडिकल कॉलेजे प्रवेश दिल्यावर आधीच्या कॉलेजच्या डीनकडून वर्तनाचा दाखला मागवतात. माहितीत तफावत दिसली तर ती मध्यवर्ती संस्था चौकशी करू शकते, अर्जदाराचे म्हणणे मागवते, आणि अहवाल त्याने जिथे जिथे अर्ज केला त्या कॉलेजांना जातो. दिलेला प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो. वर्गात बसल्यावर उघड झाले तर तिथूनही काढतात. प्रयोगाच्या अहवालाची जुनी चूक तेव्हा कोणी विचारीत नाही. तुम्ही खोटे लिहिलेत, एवढाच आरोप उरतो, आणि त्याला उत्तर नसते. अर्ज पाठवल्यानंतर नवी कारवाई झाली तर तीही दहा कामकाजाच्या दिवसांत कळवायची असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

'हो' लिहिल्यावर खुलाशासाठी जागा मिळते ती १३२५ अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. इंग्रजीचे साधारण दोनशे शब्द. मुलीने पहिला मसुदा पाठवला. त्यातला अर्धा भाग प्राध्यापकांनी नियम नीट सांगितले नव्हते ह्यावर होता, आणि उरलेला मैत्रिणीने कसा दगा दिला ह्यावर. मी म्हटले, हे चार्जशीटचे उत्तर झाले, आणि चार्जशीटची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली. दुसरा मसुदा आला तो दुसऱ्या टोकाचा. ह्या प्रसंगाने माझे जीवन बदलले, मी आता नवी व्यक्ती आहे, असा सारा पश्चात्तापाचा पूर. तो तिने कुठल्या तरी नमुन्यावरून उचलला होता, हे दोन वाक्यांत कळत होते. चौकशी अधिकाऱ्यापुढे रडणारे पुष्कळ पाहिले आहेत. अधिकारी रडण्याने विरघळत नाही, तो घड्याळ पाहतो.

तिसऱ्या मसुद्यात आम्ही फक्त घडलेले ठेवले. कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गात, तिने काय केले. कॉलेजने काय ठरवले, शिक्षा काय दिली, ती कधी पुरी झाली. नोंद नंतर काढून टाकली गेली, हेही एका वाक्यात. त्यानंतरच्या दोन वर्षांत ती त्याच प्रयोगशाळेत खालच्या वर्गांना शिकवण्याचे काम करीत होती, आणि अहवाल एकमेकांना कोणत्या मर्यादेपर्यंत दाखवता येतो हे दर सत्राच्या पहिल्या दिवशी ती स्वतः मुलांना सांगत असे. हे मला तिने बोलता बोलता सांगितले. मसुद्यात घालायचे तिला सुचलेच नव्हते. मैत्रिणीचे नाव नाही, तिच्याविषयी विशेषणही नाही. एके ठिकाणी आमचा वाद झाला. मी उतरवून घेण्यासाठी दिला, असे लिहू का, असे ती विचारीत होती. तसे लिहिले तर कबुली मोठी दिसेल आणि ऐकणारा खूश होईल. मी विचारले, "तसं होतं का?" ती म्हणाली, "नाही, वाचायला दिला होता. पण ती उतरवेल असं मला वाटायला हवं होतं." तेच वाक्य आम्ही लिहिले. न केलेला गुन्हा कबूल करून चांगले दिसण्याचा मोह हाही खोटेपणाच आहे. ज्यांना कॉलेजने चुकीने दोषी धरले असे वाटते त्यांनीही, मी आरोप नाकारला होता, कॉलेजचा निर्णय असा झाला, शिक्षा मी पुरी केली, एवढे सरळ लिहावे.

जूनमध्ये अर्ज गेला. तिने वीस कॉलेजे धरली होती. तीन ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले. सतरांनी का बोलावले नाही हे कोणी कळवत नाही. रकान्यामुळे की गुणांमुळे हे तिला कधी कळणार नाही, आणि अण्णांच्या मनातून ती शंका जाणार नाही. दोन मुलाखतींत त्या प्रकरणाचा विषयच निघाला नाही. तिसऱ्या ठिकाणी एका वयस्क डॉक्टरबाईंनी खुलासा समोर ठेवून विचारले, त्या मैत्रिणीशी तू अजून बोलतेस का? मुलगी म्हणाली, हो, बोलते. बाईंनी कागदावर काहीतरी टिपून घेतले आणि पुढचा प्रश्न हृदयाच्या झडपांवर विचारला. ह्याच ठिकाणी सध्या तिचे नाव प्रतीक्षायादीत आहे.